तारीख कुठून येते?

सॉफ्टवेअरच्या धंद्यात रोज विचारला जाणारा प्रश्न दोनच शब्दांचा आहे : ‘कधी होईल?’ विचारणारा कधी क्लायंट असतो, कधी मॅनेजर, कधी शेजारची टीम. डेव्हलपर जरा घुटमळतो, मनातल्या मनात काही आकडे जुळवतो आणि म्हणतो, ‘साधारण तीन आठवडे.’ यातलं ‘साधारण’ त्या खोलीच्या बाहेर जात नाही. संध्याकाळपर्यंत तीन आठवड्यांची एक पक्की तारीख झालेली असते. ती कुणाच्या तरी सादरीकरणात जाते, तिच्या भरवशावर जाहिरात ठरते, दुसऱ्या टीमचं काम ठरतं आणि ती पाळण्यासाठी शेवटच्या पंधरवड्यात रात्री जागवल्या जातात. हिंजवडी, मगरपट्टा किंवा ऐरोलीला काम करणारं कुणी घरात असेल, तर त्या रात्री सगळ्या घराच्या ओळखीच्या असतात.

मुदत चुकली की दोष डेव्हलपरच्या माथी मारला जातो : तो आळशी, नाहीतर अननुभवी. पण अंदाज चुकण्याचं मूळ माणसाच्या विचार करण्याच्या पद्धतीत आहे. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली ते नेमकं दाखवून दिलं. पुढचं काम ठरवताना आपण त्या कामाची गोष्ट मनात रचतो : आधी हे करू, मग ते, मग तपासू, मग संपलं. ही गोष्ट आपल्याला पटते, कारण तिच्यात अडथळेच नसतात. अशाच प्रकारच्या मागच्या कामांना प्रत्यक्षात किती वेळ लागला, हा साधा प्रश्न त्या वेळी डोक्यात येत नाही.

१९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या संशोधकांनी कॅनडातल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल, असं विचारलं. सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर? तर ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ दिवसांहून जास्त, आणि स्वतः दिलेल्या तारखेपर्यंत प्रबंध पुरा करणारे दहांत जेमतेम तीन निघाले. मला यातला मधला आकडा फार महत्त्वाचा वाटतो. ‘सगळं बिनसलं तर’ असं स्पष्ट विचारूनही उत्तर तोकडंच पडलं. म्हणजे ‘जरा जास्त धरून सांग’ असं म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये तर आणखी एक अडचण आहे. केलेल्या प्रोग्रामची नक्कल फुकट मिळते, त्यामुळे तेच काम कुणी दुसऱ्यांदा करत नाही. उरतं ते प्रत्येक काम काही अंशी पहिल्यांदाच होत असतं. बॅरी बोम यांनी १९८१ साली सॉफ्टवेअरच्या अर्थशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात हे आकड्यांत मांडलं : प्रकल्प नुसत्या कल्पनेच्या पातळीवर असताना काढलेला अंदाज खऱ्या खर्चाच्या चौथ्या हिश्शापासून चौपटीपर्यंत कुठेही पडू शकतो. गरजा स्पष्ट होत जातात, आराखडा तयार होतो, तसतसा हा पसारा आवळत जातो. आणि तारीख मागितली जाते ती नेमकी पहिल्या दिवशी, पसारा सर्वांत मोठा असताना.

छोट्या टप्प्यांत काम करण्याच्या अजाइल पद्धतींनी यावर जो उपाय शोधला तो मुळात फार शहाणपणाचा होता. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. पण अंदाजाचे प्रयोग त्याआधीच सुरू झाले होते. क्रायस्लर या मोटार कंपनीत पगाराची नवी प्रणाली बांधली जात होती. केंट बेक आणि रॉन जेफ्रीज तिथे होते. त्यांची टीम कामाचे छोटे तुकडे पाडायची, प्रत्येक तुकड्याला ‘स्टोरी’ म्हणायची आणि मोजायची ‘आदर्श दिवसां’त : कुणी मध्ये उठवलं नाही, मीटिंग नाही, फोन नाही, तर हे किती दिवसांचं? प्रत्यक्षात एका आदर्श दिवसाला सुमारे तीन दिवस जायचे. टीमला हे ठाऊक होतं आणि ती त्या पटीने गुणून तारीख सांगायची. पण वरिष्ठांना काही केल्या उमगेना की एका दिवसाच्या कामाला तीन दिवस का लागतात. रोजचा हा वाद टाळण्यासाठी ‘दिवस’ काढून टाकले आणि नुसते ‘पॉइंट’ राहिले. स्टोरी पॉइंटचा जन्म हा असा, एका अवघडलेल्या संभाषणातून झाला. पुढे त्यांचा जो वापर झाला तो पाहून जेफ्रीज यांनी, पॉइंट आपणच शोधले असतील तर आता त्याचा खेद वाटतो, अशा अर्थाचं लिहिलं.

पॉइंटची कल्पना साधी आहे. ‘हे किती तासांचं?’ हे सांगणं माणसाला जड जातं, पण ‘हे त्याच्या दुप्पट आहे का?’ हे तो बऱ्यापैकी सांगू शकतो. टीमने एका छोट्या कामाला २ म्हटलं की बाकीची कामं त्याच्या तुलनेत ३, ५, ८, १३ अशी लावत जायची. वर जाताना आकड्यांमधली अंतरं वाढत जातात ती मुद्दाम. मोठ्या कामात १३ की १४, असा काथ्याकूट करण्याइतकी माहिती कुणाकडेच नसते. दर दोन आठवड्यांच्या टप्प्यात, म्हणजे स्प्रिंटमध्ये, किती पॉइंटची कामं पुरी झाली, ते मोजलं की टीमची ‘व्हेलॉसिटी’ मिळते आणि उरलेल्या पॉइंटना तिने भागलं की उरलेल्या स्प्रिंटची संख्या.

हे आकडे ठरवण्यासाठी जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये प्लॅनिंग पोकर सुचवलं. प्रत्येकाच्या हातात आकड्यांचे पत्ते, एक स्टोरी वाचली जाते, प्रत्येक जण मनाशी पत्ता ठरवतो आणि सगळे एकदम उघडतात. ‘एकदम’ यातच सगळं आहे. एकाने आधी आकडा उच्चारला की बाकीच्यांचे आकडे त्याच्याकडे ओढले जातात. अरांडा आणि ईस्टरब्रूक यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाच सॉफ्टवेअरचं वर्णन वेगवेगळ्या गटांना दिलं. एका गटाच्या कागदावर ओझरता उल्लेख होता की हे दोन महिन्यांचं असावं, दुसऱ्याच्या कागदावर वीस महिन्यांचा. कागद बाकी तोच, आणि तो २ किंवा २० हा आकडा अननुभवी माणसाचा असल्याचंही लिहिलं होतं. तरी पहिल्या गटाचे अंदाज सरासरी सात महिन्यांच्या आसपास आले, दुसऱ्याचे सतरा महिन्यांच्या वर गेले. मीटिंगच्या सुरुवातीलाच ‘हे तर दोन दिवसांचं काम आहे ना?’ असं विचारणाऱ्या मॅनेजरला आपण काय करून बसलो, याची कल्पना नसते.

प्लॅनिंग पोकरमधून निघणाऱ्या आकड्यापेक्षा त्यातून होणारं भांडण मोलाचं, असं माझं ठाम मत आहे. एकीने २ दाखवले आणि दुसऱ्याने १३, तर दोघांनी बोलायचं. तिला वाटत असतं, एक रकाना वाढवायचा आहे. त्याला ठाऊक असतं की त्याच रकान्यावर महिन्याच्या शेवटी बँकेची फाइल बनते. ही दहा मिनिटं पुढचे दहा दिवस वाचवतात. मग आकडा ८ लिहिला काय किंवा ५ लिहिला काय, मोठा फरक पडत नाही.

पण आकडा लिहिला जातो, साठवला जातो आणि हळूहळू त्याचं माप होतं. ‘मागच्या स्प्रिंटला ३२ झाले, या वेळी ३६ करा.’ टीम ३६ करून दाखवते, कारण काल जे ३ होतं ते आज ५ आहे. ‘त्या टीमची व्हेलॉसिटी ६० आहे, तुमची ३५ का?’ दोन टीमचे पॉइंट एकमेकांशी ताडून पाहण्यात काहीच अर्थ नाही, कारण प्रत्येकीने आपलं २ वेगळं ठरवलेलं असतं. तरीही अशा तुलनेचे तक्ते बनतात आणि त्यांवर माणसांचं मूल्यमापन होतं. मला हे मनापासून लागतं, कारण जे साधन टीमच्या संरक्षणासाठी बनलं, तेच तिच्यावर उगारलं जातं. स्प्रिंटमध्ये घेतलेल्या कामाला आधी टीमने दिलेला शब्द मानलं जायचं. स्क्रम या अजाइल पद्धतीच्या अधिकृत मार्गदर्शिकेने २०११ मध्ये तो शब्द काढून तिथे पूर्वानुमान आणलं. ऑफिसांतल्या बोलण्यात मात्र ‘कमिटमेंट’ अजून जशीच्या तशी आहे.

मग दुसरा मार्ग आहे का? आहे, आणि त्याची एक महत्त्वाची कथा भारतातच घडली.

२००४ साली मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत आयटी विभागाची एक छोटी टीम हैदराबादला काम करत होती. तीन डेव्हलपर, तीन टेस्टर. कंपनीतलेच लोक वापरतात अशा ऐंशीएक अ‍ॅप्लिकेशन्सची देखभाल आणि छोटे बदल त्यांच्याकडे होते. एखादी मागणी आली की ती पुरी व्हायला सुमारे पाच महिने लागायचे, मागण्या साचत चालल्या होत्या आणि कंपनीत या टीमचं नाव खराब झालं होतं. नवे मॅनेजर ड्रॅगोस डुमित्रियू यांनी डेव्हिड अँडरसन यांची मदत घेतली. दोघांनी कामाचा प्रवाह कागदावर मांडला तेव्हा गंमत अशी दिसली की एका मागणीवर प्रत्यक्ष हात फिरायचा काही दिवसच. बाकी सगळा काळ ती रांगेत पडून असायची.

रांग का? टीमने शब्द दिला होता की मागणी आली की ४८ तासांत तिचा ढोबळ अंदाज देऊ. एका अंदाजासाठी एक डेव्हलपर आणि एक टेस्टर यांचा जवळजवळ दिवस जायचा : जुना कोड काढा, वाचा, काय काय बदलेल ते लिहा. नवी मागणी आली की हातातलं काम बाजूला, आधी अंदाज. अँडरसन यांनी हिशेब केला, तर टीमची एक तृतीयांशाहून अधिक ताकद नुसते अंदाज काढण्यात जात होती. त्यातून जी कामं मंजूर व्हायची ती महिनोनमहिने पडून राहायची. तोवर अंदाज शिळा व्हायचा. बरीचशी कामं तर कधीच व्हायची नाहीत.

त्यांनी अंदाज काढणं थांबवलं. हे मंजूर करून घेणं सोपं नव्हतं, कारण विभागांमधला खर्चाचा हिशेब त्याच अंदाजांवर चालायचा. दुसरा बदल असा की एका वेळी मोजकीच कामं हातात घ्यायची. जागा रिकामी झाली की मागणी करणाऱ्या विभागांनी मिळून ठरवायचं, आता पुढचं कोणतं. आणि प्रत्येक मागणीला वेगळी तारीख न देता एकच सांगायचं : काम हाती घेतल्यापासून २५ दिवसांत देण्याचं लक्ष्य. पुढे डेव्हलपर-टेस्टरचं प्रमाण बदललं, थोडी माणसंही वाढली. वर्षभराने मागणी पुरी व्हायला लागणारा काळ ९० टक्क्यांहून अधिक घटला होता आणि २५ दिवसांचं लक्ष्य जवळजवळ नेहमी पाळलं जात होतं. प्रोग्राम लिहिण्याची पद्धत कुणी बदलली नव्हती. हातातली कामं मोजकी ठेवण्याच्या या पद्धतीला कानबान म्हणतात आणि सॉफ्टवेअरमध्ये तिची सुरुवात इथून धरतात.

यामागचं गणित जुनं आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, स्थिर चालणाऱ्या कुठल्याही व्यवस्थेत हातातल्या कामांची सरासरी संख्या भागिले दर आठवड्याला पुरी होणारी कामं, बरोबर एका कामाला लागणारे सरासरी आठवडे. आठवड्याला चार कामं संपवणाऱ्या टीमच्या हातात २४ कामं असतील तर प्रत्येकाला सरासरी सहा आठवडे लागणार. आठच असतील तर दोन. म्हणजे ‘सगळ्यांची कामं सुरू केली आहेत’ हे वाक्य ऐकायला कितीही दिलासा देणारं असलं, तरी त्याने प्रत्येकाचं काम लांबतं. माणूस किती भरगच्च आहे, त्यावरही रांग ठरते. रांगांच्या साध्यात साध्या गणितात ८० टक्के व्यग्र माणसाकडे येणारं काम स्वतःच्या कालावधीच्या सरासरी चौपट वाट पाहतं, ९० टक्क्यांना नऊपट, ९५ टक्क्यांना एकोणीसपट. टीममधल्या प्रत्येकाचा प्रत्येक तास भरून काढणारा मॅनेजर तारखा स्वतःच्या हाताने पुढे ढकलत असतो.

आता मोठ्या कामाकडे येऊ. ‘या रिलीजमध्ये ४० स्टोरी आहेत, कधी मिळेल?’ याचं उत्तर टीमच्या मागच्या आठवड्यांत आहे. समजा गेल्या दहा आठवड्यांत पुऱ्या झालेल्या स्टोरी अशा : ३, ५, २, ६, ४, ०, ५, ३, ७, ५. त्यातला शून्याचा आठवडा दिवाळीचा. सरासरी येते ४, म्हणून ४० ला दहा आठवडे, असं कुणीही सांगेल. अडचण अशी की दहा आठवड्यांत ते होण्याची शक्यता निम्म्याच्या जेमतेम वर आहे. सरासरीवर तारीख देणं म्हणजे नाणं उडवणंच.

त्याऐवजी असं करता येतं. हे दहा आकडे दहा चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाका. एक चिठ्ठी काढा, तो पहिला आठवडा. परत टाका, पुन्हा काढा, तो दुसरा. बेरीज ४० झाली की किती आठवडे लागले ते लिहा. हे दहा हजार वेळा करा. संगणकाला क्षणभर पुरतो, साध्या स्प्रेडशीटमध्येही जमतं. पद्धतीचं नाव माँटे कार्लो. स्टॅनिस्लाव उलाम १९४६ मध्ये आजारातून उठत असताना एकट्याने पत्ते खेळत होते. डाव लागण्याची शक्यता सूत्राने काढणं अवघड. मग शंभर डाव खेळून मोजले तर, असं त्यांच्या मनात आलं. तीच कल्पना जॉन फॉन नॉयमन यांच्यासह लॉस अलामॉसमध्ये अणुकेंद्रीय गणितांसाठी वापरली गेली आणि उलाम यांच्या जुगारी काकांवरून तिला माँटे कार्लोच्या जुगारखान्याचं नाव मिळालं. आज ट्रॉय मॅगेनिस, डॅनियल व्हॅकांटी यांच्यासारखे लोक तीच सॉफ्टवेअरच्या तारखांसाठी वापरायला शिकवतात.

वरच्या आकड्यांचं उत्तर साधारण असं येतं : दहा आठवड्यांत होण्याची शक्यता निम्मी, अकरा आठवड्यांत तीन चतुर्थांश, बारामध्ये ९० टक्के. क्लायंटला सांगायचं ते हेच. निर्णय त्याने घ्यायचा : जाहिरात आधीच छापायची असेल तर बारावा आठवडा धरावा, घरातल्या घरात वापरायचं असेल तर अकरावा चालेल. शिवाय वाटेत काम वाढतंच. ४० च्या ५० झाल्या तर ९० टक्क्यांची तारीख पंधराव्या आठवड्यावर जाते, आणि हे आज सांगता येतं.

‘पण सगळ्या स्टोरी सारख्या नसतात!’ हा आक्षेप लगेच येतो. बरोबर आहे, पण मागच्या दहा आठवड्यांतल्याही सारख्या नव्हत्या. लहान-मोठेपणा त्या आकड्यांत आधीच उतरलेला आहे. हैदराबादप्रमाणे बराचसा काळ रांगेत जात असेल तर कामाच्या आकाराने तारखेत वाटतो तितका फरक पडतही नाही. खरी अट वेगळी आहे : उद्याचे आठवडे कालच्यासारखे हवेत. टीममधली दोन माणसं गेली, नवं तंत्रज्ञान आलं, की जुन्या चिठ्ठ्या बाद.

शक्यतेच्या भाषेत बोलणं आपल्याला नवं नाही. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, पण मान्सूनच्या दीर्घकालीन अंदाजाचं काम पुण्यात चालतं. एप्रिलमध्ये येणारा तो अंदाज सरासरीच्या टक्क्यांत असतो, पाच टक्के कमी-जास्त धरून, आणि पाऊस सरासरीइतका, कमी किंवा जास्त पडण्याची शक्यता वेगवेगळी दिलेली असते. महिन्या-दीड महिन्याने तो सुधारून पुन्हा दिला जातो. कुणी एप्रिलचा आकडा धरून खात्याकडे शब्द पाळण्याची मागणी करत नाही. सॉफ्टवेअरची तारीखही अशीच दर आठवड्याला नव्या आकड्यांनिशी काढायला हवी.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती अनेक टीम एकमेकींवर अवलंबून असताना. तीन टीमना वेळेवर संपवण्याची प्रत्येकी ८० टक्के खात्री आहे. त्यांच्या अडचणी एकमेकींशी निगडित नसतील, तर तिघी मिळून वेळेवर येण्याची शक्यता उरते ५१ टक्के. चौथी टीम जोडली की ४१. प्रत्येक जण प्रामाणिकपणे ‘जवळजवळ नक्की’ म्हणतो आणि एकत्रित रिलीज निम्म्याच्या आसपास वेळा लांबते. अशा वेळी आणखी नेमका अंदाज मागून उपयोग नाही. टीम एकमेकींपासून जितक्या सोडवता येतील तितक्या सोडवायच्या. वूडी झुइल यांनी २०१२ च्या सुमारास अंदाजांशिवाय काम करता येईल का, ही चर्चा सुरू केली, तिचाही रोख तिकडेच होता : छोटं काम करा, पुरं करून हातात द्या, मग पुढचं ठरवा. मी तितक्या टोकाला जाणार नाही. पैसा गुंतवणाऱ्याला हे दोन महिन्यांचं आहे की दोन वर्षांचं, इतकं विचारण्याचा हक्क आहे.

आणि जी टीम कालच जमली आहे, जिच्याकडे मागचे आठवडेच नाहीत, तिचं काय? तिने न निवडता, चिठ्ठ्या टाकून पाच कामं घ्यावीत, ती शेवटपर्यंत पुरी करावीत आणि दिवस मोजावेत. या प्रकारच्या सगळ्या कामांना लागणाऱ्या दिवसांचा मध्य, म्हणजे निम्मी कामं ज्याच्या आत होतात आणि निम्मी बाहेर जातात तो आकडा, या पाचांतल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्याच्या दरम्यान असण्याची शक्यता ९३.७५ टक्के असते. तो बाहेर राहायचा तर पाचही कामं एकाच बाजूला पडायला हवीत, आणि तसं बत्तीसांत दोनदाच घडतं. डग्लस हबर्ड याला पाचाचा नियम म्हणतात. पाच कामं तीन आठवड्यांत होतात. तोवर तारीख विचारणाऱ्याला ‘तीन आठवड्यांनी आकड्यांनिशी सांगतो’ इतकंच सांगावं.